भिंतीपलीकडचं वायफाय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरात वायफाय आहे, पण मागच्या खोलीत येत नाही, ही तक्रार आता नळाला पाणी न येण्याइतकी घरगुती झाली आहे. २०२० साली शाळा आणि कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा घरातल्या कोपऱ्यांना अचानक किंमत आली. राउटरजवळची खुर्ची कुणाची? वडिलांची मीटिंग, थोरल्याची परीक्षा, धाकटीचा वर्ग, सगळं एकाच वेळी. मग कुणीतरी पॅसेजमध्ये जमिनीवर बसायचं, कुणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. बहुतेक घरांत हा मान घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे किंवा सुनेकडे गेला, हे सांगायला नकोच. आजीची खोली तर नेहमीच सर्वांत आत. परदेशातल्या नातवाचा चेहरा तिच्या फोनवर येता येता गोठायचा.

दोष अर्थातच इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळदा इंटरनेट दारापर्यंत ठणठणीत आलेलं असतं. अडतं ते दारापासून पलंगापर्यंतच्या शेवटच्या तीस फुटांत. मंडळी, या तीस फुटांना सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. तो ठाऊक असेल तर बाजारात जाऊन भलतंच यंत्र विकत घेण्याची वेळ सहसा येत नाही.

जर्मनीतल्या कार्ल्सरुह गावी १८८८ साली हाइनरिश हर्ट्झ नावाचा तिशीतला प्राध्यापक आपल्या व्याख्यानाच्या दालनात ठिणग्या शोधत फिरत होता. एका टोकाला विजेची ठिणगी पाडायची आणि दुसरीकडे हातात तारेचं एक कडं धरून त्याच्या फटीत बारीकशी ठिणगी उमटते का, ते अंधारात पाहायचं, असा तो प्रयोग. ठिणगी उमटली, म्हणजे मधल्या हवेतून काहीतरी आलं. ते ‘काहीतरी’ म्हणजेच विद्युतचुंबकीय लहरी. मॅक्सवेलने त्या कागदावर मांडल्या होत्या, हर्ट्झने त्या खोलीत पकडल्या.

पण मला या प्रयोगापेक्षा त्या खोलीचं वर्णन जास्त आवडतं. हर्ट्झने ते स्वतः लिहून ठेवलं आहे. दालन १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. दोन्ही अंगांना लोखंडी खांबांच्या रांगा. या रांगा लहरींच्या दृष्टीने जवळजवळ भिंतीसारख्याच वागतात, हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून खांबांपलीकडची जागा त्याने सोडूनच दिली. छताला लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या आणि झुंबरं काढून टाकली. लाकडी बाकं मात्र तशीच राहू दिली, कारण लाकडाचा उपद्रव होण्याची भीती नव्हती. समोरच्या दगडी भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद असा जस्ताचा पत्रा ठोकला, म्हणजे लहरी त्यावर आपटून परत येतील. आज राउटर बसवायला येणारा तंत्रज्ञ घरात शिरल्यावर जे पाहायला हवं, आणि सहसा पाहत नाही, ते सगळं या माणसाने तेव्हाच पाहिलं होतं : लोखंड कुठे आहे, नळ कुठून गेले आहेत, लाकूड कुठे आहे.

मग कडं हातात घेऊन तो पत्र्यापासून हळूहळू मागे सरकू लागला. काही जागी ठिणगी झगझगीत, थोडं पुढे गेलं की नाहीशी, आणखी पुढे गेलं की पुन्हा हजर. जाणारी लहर आणि पत्र्यावर आपटून परतणारी लहर काही ठिकाणी एकमेकींना जोर देत होत्या, काही ठिकाणी एकमेकींना पुसून टाकत होत्या. घरातली ‘रेंज नसलेली जागा’ ही अशी वायफायच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी सापडलेली आहे. हर्ट्झच्या त्या लहरी काही मीटर लांबीच्या होत्या, त्यामुळे त्याच्या मृत जागाही मीटरांच्या अंतरावर होत्या. आपल्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणून आपल्याकडे फोन जेमतेम चार बोटं सरकवला तरी चित्र बदलतं. लोक फोन हवेत धरून इकडेतिकडे हलवतात ते पाहून हसू येतं खरं, पण त्यात शास्त्र आहे.

पुढे हर्ट्झने आखूड लहरी घेतल्या. त्या बंद लाकडी दारातून आरपार गेल्या, आणि बंद खोलीत ठिणगी उमटताना पाहून त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मदतनीस मधून चालत गेला की ठिणगी विझे, तो बाजूला झाला की पुन्हा उमटे. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, आणि पाणी या लहरी गिळतं. भरल्या घरात, पाहुणे आलेले असताना, वायफाय थोडं मंदावल्यासारखं वाटलं तर पाहुण्यांचे फोन हे त्याचं पहिलं कारण असतं. पण पाहुणे हेही थोडंसं कारण असतंच!

हर्ट्झ १८९४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस याच लहरी आणखी आखूड, अगदी मिलिमीटरांत मोजाव्या इतक्या, करण्याच्या मागे लागले होते. १८९५ साली तिथल्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेल्या लहरी मधल्या भिंती ओलांडून ७५ फुटांवरच्या तिसऱ्या खोलीत पोचल्या, आणि तिथे घंटा वाजली, बारूद पेटली. वाटेत बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते आणि लहरी त्यांच्या अंगातून पार गेल्या, असं वर्णन येतं. मला विचाराल तर बऱ्याचशा लहरी साहेबांना वळसा घालून, भिंतींवर आपटत गेल्या असाव्यात. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, बिनतारी, हा जो आपला आजचा घरगुती प्रश्न आहे, त्याचा एक अगदी सुरुवातीचा जाहीर खेळ आपल्या देशात झाला, हे खरंच.

यानंतर बिनतारी विद्या समुद्रावर गेली, मग नभोवाणीच्या रूपाने घरोघर आली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना भिंतीपासून भिंतीपर्यंत टांगलेली तांब्याच्या जाळीची ती पट्टी आठवत असेल. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स काढायचं, दरवर्षी पैसे भरायचे, हेही आठवत असेल. हवेतल्या लहरी ही सरकारची मालमत्ता, आणि त्या नुसत्या ऐकायच्या तरी परवाना हवा, असा १९३३च्या कायद्याचा रिवाज होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आलं आणि प्रत्येक गच्चीवर अँटेना उगवली. एकाने गच्चीवर चढून काठी फिरवायची, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं... गेलं!’ त्या काळी पडद्यावर प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची पुसट सावली दिसायची. तिला आपण ‘भूत’ म्हणत असू. ते भूत म्हणजे काय? वरळीच्या मनोऱ्याहून निघालेली लहर एकदा सरळ आपल्या अँटेनावर यायची, आणि दुसऱ्यांदा शेजारच्या उंच इमारतीवर आपटून, किंचित उशिरा यायची. एकच चित्र दोनदा. आकडे आणि अक्षरं वाहून नेणाऱ्या वायफायलाही हेच भूत लागतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. चार भिंतींच्या खोलीत तर एकाऐवजी पन्नास भुतं असतात.

आता वायफाय चालतं ती लहर आली कुठून, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी बनलेल्या नळ्यांवर रेथिऑन या अमेरिकन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, आणि त्यातून १९४५ साली मायक्रोवेव्ह भट्टीची कल्पना निघाली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १९४७ साली अटलांटिक सिटी इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अशा भट्ट्या आणि कारखान्यांतली, दवाखान्यांतली उपकरणं यांच्यासाठी लहरींचे काही पट्टे वेगळे काढून ठेवले गेले. त्यांतला एक २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. भट्ट्यांचा गोंगाट असल्यामुळे संदेशवहनाच्या दृष्टीने ही निरुपयोगी जागा मानली गेली, गावाबाहेरच्या गायरानासारखी. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ठरवलं, की या गायरानात कुणीही, परवान्याशिवाय, थोड्या शक्तीची बिनतारी यंत्रं वापरावीत. फक्त इतरांचा गोंगाट सहन करण्याची तयारी ठेवावी. आज जगभर चालणारं वायफाय या एका निर्णयावर उभं आहे. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये हा पट्टा परवानामुक्त झाला, आणि पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोठ्या प्रमाणावर २०१८ साली. रेडिओ ऐकायला लायसन्स काढणाऱ्या देशात प्रत्येक घर स्वतःचं छोटंसं प्रक्षेपण केंद्र चालवू लागलं, आणि त्यासाठी कुणीही पोस्टात गेलं नाही! याचं आपल्याला पुरेसं आश्चर्य वाटलं नाही, असं मला राहून राहून वाटतं.

निर्णय झाल्यावर पहिली धाव व्यापाऱ्यांनी घेतली. एनसीआर ही दुकानातल्या गल्लापेट्या बनवणारी कंपनी. दुकानाची मांडणी बदलली की प्रत्येक वेळी जमीन खोदून तारा टाकायच्या, हा खर्च तिला टाळायचा होता. तिच्या हॉलंडमधल्या अभियंत्यांनी तारेविना पेट्या जोडल्या. त्यांच्यातलेच व्हिक हेज १९९० पासून त्या समितीचे अध्यक्ष झाले, जिने १९९७ साली ‘८०२.११’ नावाचं प्रमाण जाहीर केलं. वेग, सेकंदाला दोन मेगाबिट. १९९९ साली तो ११ झाला, आणि त्याच वर्षी एका नाव पाडून देणाऱ्या कंपनीकडून ‘वाय-फाय’ हे नाव विकत घेतलं गेलं. त्याचं कुठलंही लांब रूप नाही. ‘हाय-फाय’शी यमक जुळतं, इतकंच. त्या जुलैमध्ये स्टीव्ह जॉब्जने व्यासपीठावर आपल्या नव्या लॅपटॉपभोवती एक मोठी रिंग फिरवून दाखवली, की पाहा, कुठेही तार नाही. जादूगाराची जुनी युक्ती, पण लोकांना पटली.

हेडी लमार या अभिनेत्रीने वायफाय शोधलं, असंही पुष्कळदा छापून येतं. तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ साली लहरी सतत बदलत संदेश पाठवण्याचं पेटंट मिळवलं, हे खरं आणि कौतुकाचं आहे. पण आपल्या घरातलं वायफाय त्या मार्गाने चालत नाही.

खरी अडचण होती ती भुतांची. वेग वाढवायचा म्हणजे अक्षरं घाईघाईने, एकामागोमाग पाठवायची. पण मग पहिल्या अक्षराचा भिंतीवरून आलेला पडसाद दुसऱ्या अक्षरावर येऊन पडतो. मोठ्या रिकाम्या देवळाच्या सभामंडपात भरभर बोललं तर काही कळत नाही, सावकाश बोललं तर कळतं, तसंच. यावरचा उपाय ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत सापडला. तिथले जॉन ओ’सलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ साली सांगितलं होतं, की अगदी छोटी कृष्णविवरं फुटून नाहीशी होत असावीत. ओ’सलिव्हन आणि त्यांचे सहकारी त्या स्फोटांचा आवाज आकाशात शोधत होते. तो मिळाला नाही. पण पसरट, अस्पष्ट झालेला संदेश गणिताने स्वच्छ कसा करायचा, हे त्यांच्या हाताला बसलं. १९९०च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या चमूने ते गणित खोलीतल्या पडसादांना लावलं. एकाने भरभर बोलण्याऐवजी पन्नास जणांनी वेगवेगळ्या पट्टीत, सावकाश, एकाच वेळी बोलायचं, म्हणजे पडसाद विरायला वेळ मिळतो आणि एकूण मजकूर मात्र तितकाच पोचतो, असा त्याचा गाभा. अमेरिकन पेटंट १९९६ साली मिळालं. पुढे त्यावरून मोठमोठ्या कंपन्यांशी दावे झाले आणि संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. ऑस्ट्रेलियात म्हणतात वायफाय आमचं, हॉलंडमध्ये म्हणतात आमचं. दोघांनाही म्हणू द्यावं.

आणि थोडं पुणे जिल्ह्याचंही म्हणावं. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात, एका मल्याळी कुटुंबात झाला. सेंट व्हिन्सेंट शाळा, मग कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, १९५६ची पदवी, आणि तिथून अमेरिका. संदेश आणि गोंगाट वेगळे करण्याच्या गणितातले ते जगन्मान्य आचार्य. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज, कोइमतूरकडचे. पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आले, लोणावळ्याच्या नौदलाच्या महाविद्यालयात अभियंता झाले. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. पाणबुडीची चाहूल घेणारी आपली सोनार यंत्रणा किती तोकडी आहे, हे त्या रात्री कळलं. पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली देशी सोनार तयार झालं आणि १९८३ पासून नौकांवर बसू लागलं. पाण्याखालच्या असंख्य पडसादांतून हवा तो आवाज वेचून काढणं, हे त्यांचं आयुष्याचं काम झालं. नौदलातून निवृत्ती घेऊन १९९१ साली ते स्टॅनफर्डला कैलथ यांच्याकडे गेले. तिथे त्यांना सुचलं, की दोन अँटेनांनी एकाच पट्टीत दोन वेगवेगळे संदेश सोडले, आणि पलीकडे दोन अँटेनांनी ते ऐकले, तर दोन्ही वेगळे काढता येतील; कारण भिंतींवर आपटत येताना प्रत्येकाची वाट निराळी होते. म्हणजे ज्या पडसादांना सगळे वैतागले होते, त्यांनाच कामाला जुंपायचं. कैलथ आणि पॉलराज यांचं हे पेटंट १९९४ साली मान्य झालं. लोकांना ते पटायला बरीच वर्षं लागली. २००९च्या वायफाय प्रमाणात हे तंत्र आलं. आपल्या राउटरच्या डोक्यावर दोन, चार अँटेना असतात त्या यासाठी. त्या सगळ्या एकाच दिशेला, मुडपून, टीव्हीच्या मागे कोंबल्या तर पॉलराज यांचे कष्ट वाया जातात.

आता आपल्या फ्लॅटकडे येऊ. घरात आलेली तार बहुधा मुख्य दारावरून आत येते, आणि राउटर तिथेच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात बसतो. म्हणजे त्याची निम्मी शक्ती जिन्याला आणि शेजाऱ्यांना. काँक्रीटची एक भिंत ओलांडली की लहरीची शक्ती साधारण दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येते; दोन भिंती म्हणजे शंभरावा हिस्सा. हे ऐकून घाबरू नका. राउटरने सोडलेल्या शक्तीचा अब्जावा हिस्सा पोचला तरी फोनला तो पुरतो, इतके त्याचे कान तिखट असतात. पण काही अडथळे भिंतीहून वाईट. लोखंडी कपाट, आरशाचं वॉर्डरोब, स्वयंपाकघरातली स्टीलच्या भांड्यांची मांडणी, नळांनी भरलेली न्हाणीघराची भिंत, माशांची पेटी. हर्ट्झने झुंबर काढलं होतं. आपल्याला कपाट हलवता येत नसेल तर राउटर हलवावा. घराच्या मध्याकडे, खांद्याच्या उंचीवर, उघड्यावर. शेजारी मायक्रोवेव्ह नको. तो आणि राउटर एकाच गायरानात चरतात.

दुकानदार अधिक ‘ताकदीचा’ राउटर दाखवतो, तेव्हा एक ध्यानात ठेवावं. संभाषण दोघांचं असतं. राउटर मोठ्याने ओरडला म्हणून आतल्या खोलीतल्या फोनचा आवाज मोठा होत नाही. बिचाऱ्याची बॅटरी केवढी! फोनवर रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण शेजारी. २.४च्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता जेमतेम तीन चॅनेल मावतात, १, ६ आणि ११. चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत चाळीस राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसतात. समोरचं बोलणं थांबलं की मग आपण बोलायचं, अशी सभ्यता त्यांच्यात घातलेली आहे, आणि तिचं मूळ १९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्या ‘अलोहा’ प्रयोगाकडे जातं. पण रात्री नऊच्या सुमाराला चाळीस सभ्य माणसं एकाच दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत उभी राहिली तर काय होणार? अशा वेळी जवळच्या खोल्यांना पाच गिगाहर्ट्झचा पट्टा बरा. तिथे जागा मुबलक आहे. तो भिंतीत लवकर दमतो, म्हणून शेजाऱ्यांचाही आपल्याकडे कमी येतो.

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर मग दुसरं यंत्र. नुसता ‘रिपीटर’ लावला तर तो एका कानाने ऐकून त्याच तोंडाने पुन्हा सांगतो, आणि साध्या रिपीटरमध्ये वेग निम्म्यावर येतो. तो मृत जागेत लावण्यातही अर्थ नाही, कारण त्यालाच ऐकू आलं नाही तर तो सांगणार काय? अर्ध्या वाटेवर लावावा. सर्वांत चांगला उपाय मात्र सर्वांत जुना आहे : आतल्या खोलीपर्यंत एक तार ओढायची आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर बसवायचा. बिनतारी विद्येच्या एवढ्या प्रवासानंतर पुन्हा तारेवरच यायचं का, असं कुणी म्हणेल. पण तार भिंतीला भीत नाही.

जुन्या वाड्यांच्या जाड मातीच्या भिंती, गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंती यांनी वायफायला आधीच बेजार केलं होतं. पावसाळ्यात ओल धरली की आणखीच. आता मुंबई-पुण्यात नवे मनोरे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतले जातात. त्यांत आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसतात, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. घर मजबूत, काम झटपट. पण प्रत्येक खोली म्हणजे लहरींसाठी एकेक तिजोरी. आणि एकदा ओतलेल्या भिंतीत नंतर नळी घालता येत नाही. नव्या घराचा नकाशा बघायला जाल तेव्हा एसीचा पॉइंट, गिझरचा पॉइंट विचारताच. त्याच दमात बिल्डरला विचारा, की इंटरनेटची तार प्रत्येक खोलीत न्यायला नळी ठेवली आहे का. आजीच्या खोलीचं आधी विचारा.